तबिथाबाईचं देवाशी बोलणं

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. किती, ते कुणी मोजून ठेवलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर एक लहानसं गाव होतं. गावाच्या मधोमध दगडी भिंतींचं, कौलारू छपराचं प्रार्थनामंदिर होतं. त्या गावात तबिथाबाई नावाची एक बाई राहत असे.

तबिथाबाई प्रार्थना फार सुंदर करायची. ती उभी राहिली, डोळे मिटले आणि तिने पहिला शब्द उच्चारला की मागच्या ओळीतली कुजबुज थांबायची. रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. तिच्या तोंडून शब्द असे यायचे, जणू कुणी एकसारखे मणी निवडून ओवले आहेत. कुणाचं लग्न असो, कुणाचा बाप्तिस्मा असो, कुणी गेलेलं असो, लोक म्हणायचे, "तबिथाबाईंना बोलवा. त्यांच्याशिवाय प्रार्थनेला रंग येत नाही."

आणि तबिथाबाई जायची. तिला त्याचा अभिमान होता, पण तो वाईट अभिमान होता असं म्हणता येणार नाही. देवाने आपल्याला वाणी दिली, ती आपण देवासाठी वापरतो, असं तिला मनापासून वाटे. दळण दळताना ती येत्या रविवारचे शब्द जुळवायची. एखादं वाक्य छान जमलं की जातं थांबवून ते दोनदा म्हणून पाहायची.

तिचा नवरा नथनिएल. गावात सगळे त्याला नथूच म्हणत. तो घरं शाकारायचा. कुणाच्या घराची कौलं सरकली, वासा कुजला, की नथू शिडी घेऊन हजर. माणूस कामात चोख आणि बोलायला अगदी कमी. मंदिरात तो शेवटच्या ओळीत, दाराशी बसायचा. बायकोची प्रार्थना संपली की सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणायचा आणि बाहेर पडायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

घरात मात्र तबिथाबाई प्रार्थना करत नसे. जेवायला बसताना लहानपणी शिकलेल्या दोन ओळी भराभर म्हणायची, तेवढंच. दिवसभर कामं असत, आणि तिला वाटे, आपण चारचौघांत देवासमोर इतका वेळ उभ्या राहतो, ते काय कमी आहे?

एकदा शेजारच्या दीनाचं बाळ तापाने फणफणलं. दीना कोवळी पोर, पहिलंच मूल. तिने तबिथाबाईला बोलावलं. तबिथाबाईने अशी प्रार्थना केली की दीनाची सासू पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली, दारात उभी असलेली माणसं डोळे पुसू लागली. दोन दिवसांनी ताप उतरला. आठ दिवसांनी पाणवठ्यावर दीना भेटली, कडेवर तेच बाळ. तबिथाबाईने त्याच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "वा, गोड आहे गं! मुलगा का मुलगी? नाव काय ठेवलंय?"

दीना नुसती हसली आणि घागर उचलून चालू लागली. तबिथाबाईच्या ते लक्षातही आलं नाही.

अशी वर्षं गेली. मग एका वर्षी, उन्हं तापायला लागली त्या दिवसांत, नथू एका घराचं छप्पर शाकारत असताना मध्येच खाली उतरला. "हाताला मुंग्या आल्यात," एवढं म्हणाला आणि घरी येऊन पडला. दिवस मावळायच्या आत त्याचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

वैद्य आले. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. म्हणाले, "जीव वाचेल असं वाटतं. पण हात-पाय आणि बोलणं परत येईल का, ते मी सांगू शकत नाही. बाई, एक करा. त्यांच्याशी बोलत राहा. उत्तर येणार नाही, तरी बोला. ज्याच्याशी कुणी बोलत नाही तो आजारी माणूस आत आत जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराच्या मंडळीतली माणसं जमली. सगळ्यांत वडील यिर्मयाबाबा. ते म्हणाले, "तबिथाबाई, आज तुमच्या घरासाठी तुम्हीच प्रार्थना करा. तुमच्यासारखे शब्द आमच्याकडे नाहीत."

तिने केली. शब्द आले, नेहमीसारखेच आले. बायका रडल्या. यिर्मयाबाबांनी डोळे पुसले. मग ज्याची त्याची कामं होती, माणसं पांगली.

दुपारी घर रिकामं झालं. नथू छताकडे बघत पडला होता. तबिथाबाई त्याच्या उशाशी बसली, हात जोडले आणि पुन्हा प्रार्थनेला सुरुवात केली. "हे आकाशाच्या आणि पृथ्वीच्या स्वामी..." तिचा आवाज भिंतीवर आपटून परत आला. समोर कुणी नव्हतं. कुणी डोळे मिटले नव्हते, कुणी हुंदका देत नव्हतं. ती पुढचं वाक्य म्हणाली, त्याच्या पुढचं म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण अजूनही आवाज खाली-वर करतोय. जिथे बायकांना रडू फुटतं तिथे थांबतोय.

ती गप्प झाली.

मग तिने साध्या शब्दांत काही म्हणायचं ठरवलं. तोंड उघडलं, पण एक शब्द सुचेना. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहावं, दार वाजवावं आणि आता काय म्हणून हाक मारायची तेच कळू नये, तसं तिला झालं. नवऱ्याला सगळा जन्म 'अहो' म्हणणारी ही बाई देवाला इतकी वर्षं 'तू' म्हणत आली होती. पण तिला त्या दुपारी कळलं, की आपण त्याला ओळखत नाही.

तिला नवऱ्याच्या आजाराची भीती वाटली नव्हती इतकी भीती त्या गोष्टीची वाटली.

दीनाला नथूजवळ बसवून ती मंदिराच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या घरी गेली. पाळकबाबा फार म्हातारे झाले होते. अंगणात सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"ये तबिथा. नथू कसा आहे?"

"आहेत तसेच." ती खाली बसली. मग एकदम म्हणाली, "पाळकबाबा, माझी देवाशी ओळखच नाही."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असं कसं, तू एवढी भाविक! पाळकबाबांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"कधी कळलं?"

"आज दुपारी. लोक गेल्यावर."

"हं." त्यांनी दुसरी शेंग उचलली. "नथूशी तुझी ओळख कधी झाली?"

तिला हा प्रश्न विचित्र वाटला. "लग्न झालं तेव्हा. त्याआधी मी त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं."

"म्हणजे लग्नाच्या दिवशी ओळख झाली?"

"छे! त्या दिवशी कुठली? तेव्हा तर मी मान वर केली नव्हती." तिला आठवून थोडंसं हसू आलं. "ओळख हळूहळू झाली. कालवण तिखट झालं का, शिडीचा पाय निसटतोय जरा बघा, आज पाठ धरलीय, असं बोलता बोलता. ते कुठे फार बोलायचे! पण मी सांगायची सगळं. कोंबडीने अंडं दिलं तेसुद्धा सांगायची."

"आणि यातलं देवाला कधी काही सांगितलंस?"

"कोंबडीचं? असलं काहीतरी देवाला कसं सांगायचं, पाळकबाबा?"

"मग त्याची-तुझी ओळख कशावर व्हावी?" पाळकबाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "लग्नाच्या दिवसासारखी तू त्याला नेहमी नटूनथटून, चारचौघांत भेटलीस. घरी कधी बोलावलंच नाहीस." ते पुढे म्हणाले, "मी तुला नावं ठेवत नाही हो. मी पाळक होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी माझंही तेच चाललं होतं. माझी बायको गेली तेव्हा कळलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. एकटाच जेवायला बसायचो, तेव्हा त्याच्याशी बोलायला लागलो. घे, चार शेंगा सोल. माझी बोटं दुखतात."

तिने शेंगा सोलल्या आणि ती घरी आली.

आता तिचे दिवस फार कष्टाचे झाले. नथूला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, पेज भरवायची, अंथरूण-पांघरूण धुवायचं. शेतात मजुरीलाही जायचं. तेवढ्या वेळात दीना किंवा तिची सासू येऊन बसे. वैद्यांनी सांगितलं होतं म्हणून तबिथाबाई नवऱ्याशी बोलत राही. "अहो, आता वळवते हं. पाणी कोमट आहे, घाबरू नका. बाहेर वारा सुटलाय. यिर्मयाबाबांच्या गाईला खोंड झालाय." पहिल्यांदा तिला भिंतीशी बोलल्यासारखं वाटे. मग सवय झाली. मग तर दिवसभर तिचं तोंड चालूच राहू लागलं.

एका सकाळी चुलीवरून पाण्याचं भांडं उतरवताना तिचा हात भाजला. "आई गं! देवा, भाजलं की रे!" ती कळवळून म्हणाली, हात पाण्यात बुडवला, आणि तशीच थबकली.

आपण आत्ता कुणाशी बोललो?

ते वाक्य तिने जुळवलं नव्हतं. ते ऐकायलाही कुणी नव्हतं. जवळच्या माणसाला सांगावं तसं ते आपसूक तोंडातून गेलं होतं. तिला वाटलं, ही माझी पहिली प्रार्थना. हात चुरचुरत होता आणि तिला हसू येत होतं.

त्यानंतर तिने ते सोडलं नाही. नथूशी बोलता बोलता ती देवाशी बोलू लागली. "देवा, आज त्यांनी अर्धी वाटी पेज घेतली, बघितलंस ना?" "देवा, मीठ संपलं." "देवा, दीनाच्या सासूला माझा काही तरी राग आलाय, काय ते कळत नाही." कधी विसरायची, दिवसभर आठवण व्हायची नाही. मग संध्याकाळी म्हणायची, "आज तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं बघ," आणि तिथून सुरू करायची.

पण सगळं बोलणं असं गोड नव्हतं. एक दिवस नथूचं अंथरूण तिसऱ्यांदा खराब झालं. ते धुवायला ती नदीवर गेली आणि दगडावर कपडा आपटता आपटता तिचा बांध फुटला. "मला कंटाळा आलाय," ती दात-ओठ खाऊन म्हणाली. "ऐकतोस ना? मला त्यांचा राग येतो. तुझा पण येतो. चांगल्या माणसाचं असं का केलंस? मी काय दगड आहे का? माझे हात बघ. मला नाही व्हायचं हे आता!"

बोलून झाल्यावर ती घाबरली. असं कुणी देवाशी बोलतं का? ती आभाळाकडे बघत राहिली. आभाळ होतं तसंच होतं. पाणी वाहत होतं. पलीकडच्या काठावर एक बगळा एका पायावर उभा होता. हळूहळू तिची छाती शांत झाली, आणि कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली. तिने कपडे पिळले, घरी आली, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि मग नथूजवळ बसून त्याचा डावा हात हातात घेतला. त्याने तिची बोटं किंचित दाबली.

देव तिला शब्दांत कधी उत्तर देत नसे. पण नथू तरी कधी देत होता? वाचा होती तेव्हाही तो गप्पच असायचा, आणि म्हणून तो घरात नाही असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

भाताची कापणी झाली. कापणीच्या सणाला पाच गावांची माणसं जमत. सणाच्या आदल्या दिवशी यिर्मयाबाबा तबिथाबाईच्या दारात आले. "बाई, उद्याची मोठी प्रार्थना तुम्हीच करायची. माणसं लांबून येतात ती तुमची प्रार्थना ऐकायला."

तबिथाबाईला मोह झाला नाही असं नाही. तिला पाच गावांची माणसं दिसली, ती शांतता दिसली. पण ती म्हणाली, "बाबा, त्या वेळी यांना पेज भरवायची असते. आणि खरं सांगू? मला आता तसं जमणारही नाही."

"देवाच्या कामापेक्षा पेज मोठी झाली?"

"पेज भरवताना तो इथे असतो, बाबा. मला त्याला सोडून यावंसं वाटत नाही."

यिर्मयाबाबांना हे उद्धट वाटलं. ते कपाळाला आठ्या घालून निघून गेले. सणाच्या गर्दीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तबिथाबाईचा विश्वास डळमळला, दुःखाने तिचं डोकं फिरलं, एकटीच बडबडत असते, असं लोक म्हणू लागले. पाणवठ्यावर बायका तिला वाट करून देत आणि ती गेली की बोलत. तिला ते फार लागलं. ज्या गावाने इतकी वर्षं डोक्यावर घेतलं, त्याच गावात तिला आता कुणी प्रार्थनेला बोलवेना.

एका दुपारी दीना भाजी घेऊन आली. बराच वेळ घुटमळली आणि म्हणाली, "काकी, एक विचारू? लोक म्हणतात तुमचं देवाशी बिनसलंय."

"अगं, आत्ता कुठे बोलणं सुरू झालंय!" तबिथाबाई म्हणाली. मग तिने दीनाच्या मागे लपलेल्या चिमुरडीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "दीना, हिच्या तापात मी हिच्यासाठी प्रार्थना केली होती, आणि मला हिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. अजूनही नाही. होय ना?"

दीनाचे डोळे भरून आले. "तुमच्या लक्षात आलं, काकी?"

"फार उशिरा आलं. मला माफ कर, पोरी. काय नाव हिचं?"

"कृपा."

"ये गं कृपा," तबिथाबाईने हात पसरले. पोर आली आणि मांडीवर बसली. त्या दिवसापासून तबिथाबाईच्या देवाशी बोलण्यात कृपाच्या पडलेल्या दातापासून तिच्या रुसव्याफुगव्यापर्यंत सगळं येऊ लागलं.

नथू अंथरुणावर दोन वर्षं होता. त्याला वाचा आली नाही. पण त्याचे डोळे बोलत, आणि तबिथाबाईला ते समजत. पडून पडून पाठीला एकही जखम झाली नाही, इतकं तिने त्याला जपलं. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, एका सकाळी, ऊन अंथरुणापर्यंत आलं असताना नथूने बायकोकडे पाहिलं, तिचा हात धरला आणि शांतपणे प्राण सोडला.

गाव जमलं. गावाच्या रागलोभाला मरणाच्या दारात जागा नसते. पाळकबाबांनाही दोघांनी धरून आणलं. पण त्यांचा आवाज आता उमटत नव्हता. ते यिर्मयाबाबांना खुणेने म्हणाले, तिलाच करू द्या.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. काहींना वाटलं, आता तो जुना आवाज ऐकू येईल. काहींना वाटलं, बाई कोसळेल. तबिथाबाई उभी राहिली नाही. ती नथूच्या उशाशीच बसून होती. त्याच्या केसांवरून हात फिरवत, आपल्या ओळखीच्या कुणाला सांगावं तसं ती म्हणाली,

"देवा, हे आले बघ तुझ्याकडे. त्यांना गार पाणी देऊ नकोस, दात ठणकतात. नवीन जागी ते दोन दिवस बुजल्यासारखे करतात, मग रुळतात. आता त्यांना बोलता येत असेल; पण घाई करू नकोस रे, ते मुळातच सावकाश बोलतात. मी इथे आहे. मला रडू येईल तेव्हा येत जा. आमेन."

कुणी हुंदका दिला नाही. कुणी 'आमेन' म्हणायलाही धजेना. तिथे आणखी कुणीतरी आहे, ते ऐकतंय आणि मान हलवतंय, असं प्रत्येकाला वाटलं.

त्या संध्याकाळी यिर्मयाबाबा गोठ्यात गाईला चारा घालत होते. आजवर त्यांनी कुणाला, अगदी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते आज हलक्या आवाजात म्हणाले, "देवा, मला मरणाची फार भीती वाटते." आणि गाईच्या मानेवर डोकं टेकवून म्हातारा लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तबिथाबाईच्या दारात आले, ओसरीवर बसले, आणि म्हणाले, "बाई, मी तुम्हाला वाईट बोललो." तिने त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी प्यायले, जरा बसले आणि उठून गेले.

पुढे तबिथाबाई पुष्कळ वर्षं जगली. मंदिरात ती शेवटच्या ओळीत बसायची. तिला कुणी मोठ्या प्रार्थनेला बोलावलं नाही आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही. पण गावात हळूहळू एक गोष्ट झाली. वाटेने जाणाऱ्याला कधी शेतातून, कधी चुलीपासून, कधी मागाच्या खटखटीमधून कुणीतरी कुणाशी तरी बोलत असल्याचं ऐकू यायचं. परगावची माणसं विचारायची, "एकटेच काय बोलता?" गावची माणसं म्हणायची, "एकटे कुठे?"

मुलांनो, आणि मोठ्यांनो, या गोष्टीत सांगायचं आहे ते एवढंच: देवाशी जवळीक सणासुदीच्या सुंदर शब्दांनी होत नाही, ती होते रोजचं साधं सुखदुःख त्याला घरच्या माणसासारखं सांगत राहण्याने.